कानातली घंटी

मढ
२६ नोव्हेंबर २०२४

संपतभाऊंना म्हस्कूचा रामराम.

अंजनावहिनींचा गुडघा कसा आहे? थंडी येणार हे त्यांच्या गुडघ्याला आमच्या आधी कळतं. भरतला चाकणची रात्रपाळी अजून आहे का? दिवसा झोपताना डोळ्यांवर ओला पंचा टाक म्हणावं. स्नेहलबाई आशा सेविकेच्या कामाला गावभर हिंडते, तिच्या टाचा फुटल्या असतील, कोकम तेल लावायला सांगा. शौर्यचा पडलेला दात आला का? गाय कशी आहे? आणि तुमचा खोकला? गेला असं तुम्ही गेल्या खेपेला लिहिलं होतं, पण कागदावर चहाचे शिंतोडे होते. म्हणजे लिहितानाच उबळ आलेली. मी मेंढपाळ आहे, भाऊ, मला माग काढता येतो.

आमच्याकडं गोरक्ष बरा, सूनबाई ऋतिका बरी, मी बरा. तुमची बहीण तानूबाईही बरी, पण आज लिहायला बसलो ते तिचंच सांगायला. फोन केला असता, पण फोन गोरक्षच्या खिशात, गोरक्ष मेंढरांमागं आणि रेंज डोंगरामागं. शिवाय तुम्ही पोरपणी बांधावर बसून काठीनं मातीत अक्षरं काढून मला शिकवलीत. ती वापरली नाहीत तर गंजतील.

इथं भात कापून झालेल्या खाचरांत मेंढरांची खांड बसवलीय. शेतकऱ्याला लेंड्यांचं खत, आम्हाला चार पायल्या तांदूळ. सकाळी धरणाकडून धुकं येतं आणि सगळं पुसून टाकतं. मेंढरं दिसत नाहीत, नुसता त्यांचा श्वास ऐकू येतो. मग ऊन लागलं की एकेक मेंढी धुक्यातूनच कातून काढल्यासारखी बाहेर येते. तेव्हा असं वाटतं, देवानं आजच जग केलं आणि सुरुवात मेंढरांपासून केली.

तर परवा अशाच सकाळी तानूबाई चालता चालता थांबली.

"अवो, काजवं," म्हणाली.

"दिसा कुठं काजवं असत्यात?"

"हायती. सोन्याचं. माझ्या डोळ्याम्होरंच फिरत्यात. तुमाला नाय दिसायचं, तुमी लई जवळचं बघता."

आणि कानात तिला घंटी ऐकू येते. आपल्या खांडेत कुणाच्या गळ्यात नाही अशी, पडसं झाल्यासारखी, खरखरणारी. ती ऐकते आणि गालात हसते. एवढ्या वर्षांत मी तिला असं हसताना क्वचित पाहिलंय. शेजारच्या मुक्कामावरची गोजरबाई म्हणते, देव बोलावतोय, नशीबवान आहेस. सकाळी डोकं तेवढं ठणकतं तिचं, पण ते थंडीनं.

तुम्हाला असल्या गोष्टी आवडतात म्हणून लिहिलं. भाजीच्या पिकअपवाल्याकडं उत्तर द्या, तो ओतूरच्या बाजाराला येतो.

तुमचा
म्हस्कू


निरगुडसर
२ डिसेंबर २०२४

म्हस्कू दाजींना संपतचा नमस्कार.

खोकला पकडलात. मान्य. गुडघा आहे तिथंच आहे, भरतची रात्रपाळी आहे, दात आलाय पण तिरका. टाचांचं स्नेहलला सांगितलं तर म्हणाली, "म्हस्कूमामांनी लांबून ओळखलं, इथं घरातल्यांना दिसलं नाय."

तुमचं पत्र मी पडवीत सगळ्यांना वाचून दाखवलं. धुक्यातून मेंढ्या निघतात तिथं अंजनानं हातातलं सूप खाली ठेवलं. काजव्यांपाशी तर मीच चष्मा काढून पुसला. आपली तानू, एवढं रान तुडवलं, म्हातारपणी तिच्या डोळ्यांपुढं सोन्याचे काजवे! मी म्हणालो, बघा, पुण्याई असते ती अशी.

स्नेहल वाटाणे सोलत होती. तिचा हात थांबला.

"नाना, परत वाचा."

मला वाटलं तिलाही आवडलं. सूर लावून परत वाचलं.

"डोकं सकाळी ठणकतं म्हणाले ना? नाना, काजवं नायत ते. आत्याबाईंचं बीपी वाढलंय. उद्याच्या उद्या दाखवा म्हणावं."

दाजी, एवढा सुंदर काजवा आमच्या सुनेनं एका फुंकरीत विझवला. मला रागच आला होता. पण मग तिनं मला गावातल्या एकाची आठवण करून दिली. त्यालाही असंच डोळ्यांपुढं चमकायचं, आणि आज तो डाव्या हातानं घास उचलू शकत नाही. राग उतरला, भीती चढली.

म्हणून मी आता भाऊ म्हणून सांगतो. तानू दर भाऊबीजेला मला ओवाळते, त्या ताटाची शपथ. मढजवळच्या वाडीत सरकारी उपकेंद्र आहे. तिथं श्रेया मॅडम म्हणून आहेत, स्नेहलनं त्यांच्याबरोबर शिबिरं केलीत. तपासायला पैसे लागत नाहीत, गोळ्यांना लागत नाहीत. आरोग्याचं कार्ड बरोबर न्या. तानूला म्हणावं, देव बोलावत असेल तर त्याला सांग, भावाला विचारून येते.

लिहिताना गाय मान हलवतेय, तिच्या गळ्यातली जुनी घंटी खर्र खर्र करतेय, सुचू देत नाही. इथंच थांबतो. तपासून आल्यावर लगेच लिहा.

तुमचा
संपत


मढ
१७ डिसेंबर २०२४

संपतभाऊंना रामराम.

गेलो. तुमची बहीण कुरकुरत आली, पण आली. मॅडम पोरसवदा आहेत, गोड बोलतात. त्यांनी दंडाला पट्टा गुंडाळला आणि रबरी फुगा दाबायला लागल्या. तानूबाई म्हणाली, "बाई, कितीबी दाबा, दंडातून दूध नाय निघायचं." मॅडम हसल्या. मग आकडा बघितला आणि हसू जागेवरच थिजलं. पुन्हा बांधला, पुन्हा बघितलं. वरचा आकडा दोनशेला टेकलेला.

"आजी, तुम्ही चालत आलात?"

"मंग काय मेंढरावर बसून यिऊ?"

बराच वेळ बसवून ठेवलं, गोळी दिली, मोठ्या डॉक्टरांशी फोनवर बोलल्या. मग महिन्याची पाकिटं हातात दिली. रोज एक, चुकवायची नाही. चुकली तर डोक्यातली शीर फुटते, हात-पाय जातो, माणूसही जातो. हे त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं.

आता पुढचं वाचून तुम्ही हसणार, हसा. तुम्हाला माहीत आहे, खांडेत एका मेंढीला लागण दिसली की आपण साऱ्या खांडेला औषध पाजतो. पहिल्या दिवशी कोण आजारी ते कळत नाही म्हणून. मी म्हटलं, हे दुखणं तर डोळ्याला दिसतच नाही, म्हणजे नक्की साऱ्यांत शिरलं असणार. घरी येऊन गोळ्या वाटल्या. आमच्या पालात, गोजरबाईच्या पालात, पलीकडच्या सयाजीला. ऋतिका नको म्हणाली, तिला म्हटलं, तुला शिकून भीती आलीय. गोरक्षला दोन दिवस गरगरलं, तो झाडाखाली पडून राहिला आणि मेंढरं दुसऱ्याच्या हरभऱ्यात. कुत्र्याला तेवढी दिली नाही, तो थुंकला असता.

आठवड्यात पाकिटं संपली. ऋतिकानं जाऊन मॅडमना सांगितलं. मला वाटलं, आता बोलणी खावी लागणार. त्या आधी कपाळाला हात लावून बसल्या, मग खो खो हसल्या, आणि दुसऱ्या दिवशी पट्टा घेऊन स्कुटीवर मुक्कामावर हजर! म्हणाल्या, "बाबा, तुमची रीत अर्धी बरोबर आहे. बघायचं साऱ्यांना. द्यायचं मात्र लागेल त्यालाच."

धुकं नुकतं उठत होतं. खाचरात घोंगडं अंथरून त्या बसल्या आणि आम्ही सगळे ओळीनं, मेंढरं पाण्यावर लागतात तसे. माझा आकडा बोकडासारखा ठणठणीत निघाला. पण सयाजी, एका हातानं एडका उचलणारा गडी, त्याचंही वाढलेलं. त्याला खरं वाटेना. "मला तर काय व्हत नाय!" "म्हणूनच मी आले," मॅडम म्हणाल्या.

आता तानूबाईला गोळ्या पुन्हा मिळाल्या आहेत. पण भाऊ, एक काळजी आहे. महिन्यानं खांड हलणार. मग पुढची गोळी कुठली? मागं गोरक्षचा पाय चिरला होता तेव्हा एका ठिकाणी म्हणाले, तुमच्या गावच्या दवाखान्यात जा. निमगाव सावाला घर आहे खरं, पण तिथं आम्ही पावसाळा आणि कांद्याचे दोन महिने, एवढेच. बाकीचं वर्ष आमचं गाव आमच्या पायाखाली. मेंढी थांबत नाही आणि गोळी चुकवायची नाही, हे जमायचं कसं? स्नेहलबाईला विचारून लिहा.

तुमचा
म्हस्कू


निरगुडसर
२५ डिसेंबर २०२४

दाजींना नमस्कार.

हसलो. एवढा हसलो की खोकला येऊन पाणी प्यावं लागलं. कुत्र्याचं वाचून अंजना म्हणाली, "त्या मुक्कामावर अक्कल तेवढ्या कुत्र्यालाच हाय." राग मानू नका, तुमच्या वहिनीचं प्रेम असंच काट्याचं.

पण हसण्याची शिक्षा मला मिळाली. स्नेहल पट्टा घेऊन माझ्यासमोर उभी. मी म्हटलं, मला काय धाड भरलीय. तर अंजना आतून ओरडली, "सयाजीबी असंच म्हणला व्हता, नव्हं?" बसलो. आणि निघालं. तानूएवढं नाही, पण निघालं. मीही गोळी सुरू केलीय. कुणाला सांगू नका, इथं सगळ्या गावाला माहीत आहे.

आता तुमच्या काळजीचं. स्नेहल श्रेया मॅडमशी बोलली. दोघींनी तुमची वाट विचारून घेतली, कुठं कधी खांड बसते, कुणाच्या रानात. तानूचं नाव संगणकात आहे, ते कुठंही उघडतं. मॅडम पुढच्या ठिकाणी आधी फोन करून ठेवणार. गावचं नाव कुणी विचारलं तर कार्ड दाखवायचं आणि त्यांचं नाव सांगायचं. मला हे कळलं ते असं: तुमच्या आज्याला वाटेवरचे पाणवठे ठाऊक असायचे, कुठल्या दिवसाला कुठलं पाणी. तसे आता गोळीचे पाणवठे. माणसानं पाण्याकडं जायचं आणि पाणी तिथं असायचं, एवढीच तर मागणी आहे.

परवा दुपारी डोळा लागला तर स्वप्नात तेच आलं. डोंगरापासून नदीपर्यंत छोटे छोटे पांढरे डोह चमकत होते आणि तुमची खांड एकेका डोहावर थांबत, न भांडता, पुढं जात होती. सगळ्यात पुढं तानू.

तिला घंटी अजून ऐकू येते का? स्नेहल म्हणते, गोळी लागू पडली की ते आवाज जातात. गेले का, ते कळवा.

तुमचा
संपत


निमगाव सावा
३० जानेवारी २०२५

संपतभाऊंना रामराम. वहिनींना नमस्कार, भरतला, स्नेहलबाईला, शौर्यला आशीर्वाद. तिरका दात जिभेनं ढकलत राहा म्हणावं.

पोचलो. रमतगमत आलो. यंदा वाटेवर हवा अशी होती की दूर आणि जवळ यांतला फरकच नाहीसा झालेला. शिवनेरी सकाळी हाताशी, दुपारी ढगात. आणि भाऊ, स्वप्न खरं झालं म्हणा. वाटेतल्या केंद्रावर मी दबकत दबकत कार्ड पुढं केलं, तर तिथली बाई म्हणाली, "तानूबाई का? मढहून फोन आलाय. तुमचीच वाट बघत होतो." आमची वाट बघणारं आजवर कोण होतं? उसाच्या कडेला बिबट्या, नाहीतर पिकाच्या कडेला मालक. मी तिथंच फरशीवर बसलो. मला पाणी दिलं. गोळी आमच्या आधी येऊन बसली होती.

आता तुम्ही विचारलंत त्याचं. काजवे गेले. घंटीही गेली. डोकं दुखायचं थांबलं. आम्ही सगळे खूश. तानूबाई मात्र गप्प झाली. वाऱ्याला कान देऊन बसायची. मी म्हटलं, बरं झालं, गेली ब्याद. ती वळून लोकर कातायला लागली. चाती फिरत राहिली आणि ती तिच्याकडं बघतही नव्हती.

पण काळजीचं कारण नाही, तेही सरलं. आठ-दहा दिवस झाले, ती पुन्हा खुललीय. गालात हसते. काल ऋतिकाला गाणं म्हणून दाखवलं. गोळी रोज माझ्यासमोर तोंडात टाकते, मी जातीनं बघतो. म्हणजे औषध आता चांगलं अंगी लागलं. मढला पुढच्या तपासणीला नाही जाता आलं, इथं आठवड्यात जाऊ.

कांद्याच्या रानात खांड बसलीय. इथून तुमच्याकडं उन्हाळ्यात येणारच. वहिनींना म्हणावं, पुरणपोळी नको, मासवडी करा.

तुमचा
म्हस्कू


निमगाव सावा
११ फेब्रुवारी २०२५

मामा, मी ऋतिका लिहितेय. बाबांच्यानं लिहवेना.

तुम्हाला फोनवर कळलंच आहे. आत्या शनिवारी सकाळी पाणी शेंदताना पडल्या. तोंड वाकडं झालं, उजवा हात ढिला पडला, बोलायला गेल्या तर शब्द फुटेना. मी स्नेहलवहिनींना फोन लावला, त्यांनी सांगितलं तसं अँब्युलन्सला केला. गाडी आली, सरकारी दवाखान्यात नेलं. अर्ध्या वाटेतच त्यांचा हात हलायला लागला, तोंडही सरळ झालं. तीन दिवस ठेवून घेतलं, फोटो काढले डोक्याचे. कार्डावर झालं सगळं. काल आणलं. डॉक्टर म्हणाले, ही फक्त दाराला थाप होती. पुढच्या वेळेस दार उघडूनच आत येईल. गोळी चुकली होती का, असं विचारलं. बाबा म्हणाले, एक दिवस नाही, मी स्वतः बघतो.

हे फोनवर बोलता आलं नाही, म्हणून लिहितेय. आज घोंगडीसाठी मी आत्यांचा लोकरीचा गुंडा उलगडत होते. त्यातून गोळी पडली. आणखी उलगडला, आणखी पडली. तोंडात टाकून त्या गालात धरायच्या आणि कातताना लोकरीत दाबून टाकायच्या. धाग्याबरोबर गुंडाळून जायची. आधी मला कळेना, मग मी तिथंच रडले.

त्यांना विचारलं, का? त्या म्हणाल्या, "त्या गोळीनं माझी बायडा गप केली गं."

मला बायडा कोण ते माहीत नव्हतं, मामा. ह्यांनाही नव्हतं. बाबांनी आज सांगितलं. ह्यांच्या आधीची बहीण. माळशेज घाटात तापानं गेली. दुधाचे दात पडत होते म्हणे. बाबा तिला पाठीवर घेऊन अख्खा घाट चढले, वर आल्यावर कळलं. घंटी तिच्या कोकराची होती. बाबा म्हणाले, "तिनं ऐकलं तेव्हाच मला कळलं होतं कुठली ती, पण लिहायला हात वळला नाही."

आता आत्या समोर गोळी घेतात. मी तोंड उघडून बघते. पण असं किती दिवस बघणार? त्यांना घ्यायचीच नसेल तर कुठंतरी लोकर सापडेलच. तुमचं त्या ऐकतात. काहीतरी लिहा.

ऋतिका


निरगुडसर
१४ फेब्रुवारी २०२५

चि. तानूस संपतभाऊचे आशीर्वाद. ऋतिका, हे तिला सावकाश वाचून दाखव.

हात कसा आहे? मूठ वळते का? जिभेला जडपणा राहिला नाही ना? झोप लागते का? डोळ्यांपुढं काय दिसतं, कानात काय वाजतं, हे मात्र मी विचारत नाही. ते तुझं आहे.

रागावणार नाही, ते खातं अंजनाकडं आहे. तिनं मला सांगून ठेवलंय की तानू आली की आधी तिच्या पाठीत धपाटा घालीन आणि मग मासवडी वाढीन.

तानू, तुला आठवतं का, बायडा गेली त्या उन्हाळ्यात तुम्ही इथं आलात? खांड बसली आणि तू सरळ आमच्या गोठ्यात गेलीस. कोकराच्या गळ्यातली घंटी सोडलीस आणि आमच्या वासराला बांधलीस. म्हणालीस, "भाऊ, हिचा आवाज माझ्या कानाला सोसत नाय. तुमच्या गोठ्यात वाजू द्या." ती आम्ही कधी उतरवली नाही. वासराची गाय झाली, गाईची वासरं झाली, घंटी गळ्यागळ्यातून चालत राहिली. बायडानं दगडावर आपटून चिरवली होती, म्हणून तिचा आवाज पडसं झाल्यासारखा. दाजींनी पहिल्याच पत्रात तस्सा लिहिला होता. आणि मी म्हातारा, तीच घंटी समोर वाजत असताना, गाय लिहू देत नाही म्हणून तक्रार करत बसलो! आम्ही ती रोज ऐकत होतो आणि तुला ती कानात शोधावी लागत होती.

ऋतिकाचं पत्र वाचून झालं. अंजना उठली, गुडघा धरत गोठ्यात गेली. घंटी सोडली. चिंचेनं घासली. दुसऱ्या दिवशी गाय मान हलवून हलवून मागं बघत होती आणि दूधही कमी दिलं तिनं. शौर्यनं तिच्यासाठी बाजारातून नवी आणलीय, पण तिला पटलेली दिसत नाही.

पिकअपवाल्याच्या हाती पत्राबरोबर जे बोचकं येईल, त्यात ती आहे.

हा सौदा नव्हे, तानू. गोळी घेतलीस तरी ती तुझी, नाही घेतलीस तरी तुझीच. एवढंच मनात येतं. त्या दिवशी घाटात कुणाकडं एक गोळी असती, वर कुणी वाट बघत असतं, तर आज बायडा तुला हातानं धरून दवाखान्यात घेऊन गेली असती. आता वाटेवर माणसं बसलीत वाट बघत. उशिरा बसली, पण बसलीत. त्यांना परत पाठवू नको.

तुझा
संपतभाऊ


निमगाव सावा
३ मार्च २०२५

संपतभाऊंना म्हस्कूचा रामराम. माझा लिहिता हात आता पुन्हा चालायला लागलाय.

बोचकं मिळालं. तुमची बहीण दिवसभर ते न सोडता मांडीवर घेऊन बसली. मग संध्याकाळी, खांड परत येताना, तिनं गाठ सोडली. यंदाच्या कोकरांत एक पांढरं आहे, एका कानावर काळा ठिपका असलेलं, सारखं वाट चुकणारं. त्याच्या गळ्यात बांधली. कोकरानं एकदा मान झटकली आणि ती वाजली. तशीच. तश्शीच, भाऊ. मी दुसरीकडं बघायला लागलो.

कोकरू बिथरून उधळलं. तानूबाई त्याच्यामागं. "बायडे, थांब गं! थांब!" अशा हाका मारत कांद्याच्या वाफ्यांतून. ऋतिका धावायला निघाली, मी तिला धरलं. उन्हं उतरली होती, रानात धुरळा सोन्यासारखा तरंगत होता आणि त्यात पुढं कोकरू, मागं ती. मला तर दोघी लहानच दिसल्या. मग धुरळा खाली बसला. ती परत आली, धापा टाकत, घामानं भिजलेली. खाली बसली.

म्हणाली, "पाणी द्या. आन ती गोळी."

तोंड उघडून दाखवलं सुद्धा, कुणी न मागता.

श्रेया मॅडमचा फोन आला होता. इथल्या बाईही येऊन गेल्या. आकडा उतरलाय. कान रिकामे झालेत, असं तानूबाई म्हणाली. दिवसातून एकदा कोकरू लांब जातं, घंटी ऐकू येईनाशी होते, तेव्हा ती हातातलं काम ठेवून उभी राहते. मी विचारलं, वाईट वाटतं का? तेव्हा जे बोलली ते तिनं तुम्हाला जसंच्या तसं लिहायला सांगितलंय:

"भाऊ, कानातली घंटी कवा जातच नव्हती. तिची वाट बघाया लागत नव्हती. ही मातर जाती, लांब जाती, नाय ऐकू येत. मंग वाट बघत बसती. यील, यील म्हणत. आन वाट बघाया माणूस जाग्यावर पायजे ना. म्हणून घेती गोळी."

चैत्रात आम्ही निरगुडसरला येतो. रानाची दक्षिणेची पट्टी खांडेसाठी मोकळी ठेवा. घंटी बरोबर असेल, तुमच्या गाईला एकदा भेटवून आणू. तिची समजूत पटेल.

गोळी तुम्ही चुकवत नाही ना? अंजनावहिनींच्या हातचं एक वाक्य पत्राखाली असू द्या, तुमच्या एकट्याच्या शब्दावर तुमच्या बहिणीचा विश्वास नाही. ती रोज विचारते, "भाऊचं पत्र आलं का?" वाट बघायची तिला आता सवय लागलीय, पण तुम्ही ती फार ताणू नका. पिकअपवाला शुक्रवारी निघतो, त्याच्या हाती उत्तर लागलंच पाहिजे.

तुमचा
म्हस्कू